सज्ञान होण्याआधीची सही

पतसंस्थेच्या कर्ज विभागात बावीस वर्षे काढल्यामुळे सही पाहण्याची मला सवय जडली आहे. कर्जदाराची सही, भिडेखातर जामीन राहिलेल्या मेहुण्याची सही, बायकोच्या नावापुढे नवऱ्यानेच ठोकून दिलेली सही, हे सगळे आम्हाला लांबून ओळखू येते. २०२३ च्या मार्च महिन्यात पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात माझ्या लेकीने एका कागदावर सही केली, तेव्हा माझ्या लक्षात आले की तिला अजून सहीच नाही. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर लिहावे तसे तिने पूर्ण नाव लिहिले, एकेक अक्षर सुटे, आणि सगळ्यांत शेवटी पट्टी धरल्यासारखी सरळ शिरोरेघ ओढली. तिचे वय तेव्हा सतरा वर्षे तीन महिने होते. वडिलांना स्वतःच्या यकृताचा भाग देण्याची इच्छा असल्याचे त्या कागदावर लिहिलेले होते. ही सही करून घेताना खोलीत आम्ही आठ नातेवाईक उभे होतो, आणि रुग्णालयाच्या बाजूने झालेली ही पहिली चूक होती, हे समजायला मला दीड महिना लागला.

माझ्या पतींना यकृताचा सिरोसिस झाला होता. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पंधरा वर्षांचा मधुमेह आणि यकृतात साठत गेलेली चरबी यांचा तो परिणाम होता, पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे आम्ही न विचारता आधीच सांगत असू, इतका त्या आजाराच्या नावाला वास आहे. फेब्रुवारीत पोटातले पाणी दुसऱ्यांदा काढावे लागले आणि प्रत्यारोपणाशिवाय मार्ग नाही असे डॉक्टरांनी सांगितले. मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, नाव नोंदवले गेले. ती यादी कधी सरकेल हे कोणाच्याही हातात नसते, म्हणून घरातला जिवंत दाता शोधा, असा सल्ला मिळाला.

ह्यांचा रक्तगट ओ. ओ गटाचे रक्त सगळ्यांना चालते, पण ओ गटाच्या माणसाला मात्र ओ गटाचेच लागते. माझा बी, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी बाद झाले. सासूबाई सत्तरीच्या पुढे. वाईला दिलेल्या माझ्या नणंदेचा गट जुळला, पण तिच्या यकृतात चरबी निघाली. वजन उतरवा, मग बघू, असे सांगून तिला परत पाठवले. धाकट्या दिरांचा गटही ओ होता. त्यांनी चाचणी केली नाही. आपण दाता होण्यास तयार नाही असे चार ओळींचे प्रतिज्ञापत्र त्यांनी नोटरीपुढे केले आणि ते कोणीही, अगदी रुग्णालयानेही, एक अवाक्षर न काढता फाइलला लावले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आज तो राग राहिलेला नाही. शेहेचाळीस वर्षांच्या पुरुषाच्या नकाराला किती कमी कागद लागतो, याचे मात्र अजून आश्चर्य वाटते. अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेची आकडेवारी नंतर वाचनात आली: १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची आणि ६,९४५ स्त्रियांची होती. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र स्त्रियाच जास्त असतात.

उरली आमची लेक. तिचा गट ओ. तिने स्वतःहून "मी देते" असे म्हटले, यात तिळमात्र खोटे नाही. ते ती रात्री नऊच्या सुमारास, ताटे उचलता उचलता म्हणाली, आणि मी "गप्प बस, तुझं वय काय" असे ओरडले. दुसऱ्या दिवशीही ओरडले. तिसऱ्या दिवशी ह्यांना रक्ताची उलटी झाली आणि त्यानंतर मी ओरडले नाही. "दे" असे मी तिला कधीच म्हटले नाही, फक्त "देऊ नकोस" म्हणायचे थांबवले, आणि सतरा वर्षांच्या मुलीला आईच्या थांबण्याचा अर्थ बरोबर कळतो.

पुढचे घराने केले. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली आणि "माझी नात वाघीण आहे" असे दारात आलेल्या दूधवाल्यालाही सांगितले. सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो गेला. आदल्याच डिसेंबरात केरळ उच्च न्यायालयाने सतरा वर्षांच्या एका मुलीला वडिलांसाठी यकृताचा भाग देण्याची परवानगी दिली होती आणि फेब्रुवारीत ती शस्त्रक्रिया पारही पडली होती. ती बातमी आम्हाला निदान पंधरा जणांनी पाठवली. त्याच्या सात महिने आधी, मे २०२२ मध्ये, आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने सोळा वर्षांच्या मुलीला अशीच परवानगी नाकारली होती, ती बातमी कोणीही पाठवली नाही. ताटातली सगळ्यांत मऊ पोळी तिच्या पानात पडू लागली. ही लाच नव्हती, ते प्रेमच होते, पण त्या प्रेमानंतर माघार घ्यायला तिला वाट उरली नव्हती.

कायदा काय म्हणतो ते आम्हाला रुग्णालयाच्या समन्वयक बाईंनी सांगितले आणि पतसंस्थेच्या वकिलांनी समजावले. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्यात दाता म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि स्वेच्छेने संमती देणारी व्यक्ती. २०११ च्या दुरुस्तीने नातवंडे आणि आजी-आजोबाही निकटच्या नातेवाइकांत आले आणि त्याच दुरुस्तीने अल्पवयीनांबद्दल स्वतंत्र तरतूद झाली: नियमांनी ठरवून दिलेल्या रीतीखेरीज अज्ञान व्यक्तीच्या शरीरातून तिच्या हयातीत अवयव काढता येणार नाही. ती रीत २०१४ च्या नियमांत आहे. असाधारण वैद्यकीय कारण असल्याशिवाय परवानगी नाही, ते कारण सविस्तर समर्थनासह लिहून ठेवायचे, आणि समुचित प्राधिकारी व राज्य शासन या दोघांची पूर्वपरवानगी घ्यायची. म्हणजे दार बंद आहे, पण भिंत बांधलेली नाही. उलट बाजूही त्याच कायद्यात आहे आणि ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला: अठरा वर्षांखालील मूल मेंदूमृत झाले, तर त्याचे अवयव देण्यास आई किंवा वडील यांपैकी एकाची सही पुरते. मेलेल्या लेकराबद्दल माझी सही चालते आणि जिवंत लेकराबद्दल चालत नाही, असे मी वकिलांना जरा चढ्या आवाजात विचारले.

ते शांतपणे म्हणाले, "ताई, सासवडच्या प्लॉटचं काय झालं होतं आठवा."

माझ्या वडिलांनी सासवडजवळचा एक छोटा एनए प्लॉट बक्षीसपत्राने नातीच्या नावे केला होता. सातबाऱ्यावर तिचे नाव आणि पुढे 'अ.पा.क.' म्हणून माझे, अज्ञान पालनकर्ता. उपचारांच्या खर्चासाठी तो विकावा असे माझ्या मनात आले तेव्हा याच वकिलांनी सांगितले होते की १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, आणि न्यायालय ती परवानगी मुलाची गरज किंवा मुलाचा उघड फायदा पाहूनच देते. बापाचा आजार हा मुलीचा फायदा कसा, हे शिवाजीनगरच्या न्यायालयात पटवावे लागेल, म्हणून तो विषय आम्ही तिथेच सोडला होता.

"दोन हजार चौरस फूट मुरमासाठी जज्जाला विचारायचं," वकील म्हणाले, "आणि लिव्हरला तुमची सही पुरेल, असं कसं वाटलं तुम्हाला?"

मला उत्तर सुचले नाही. पालकाची संमती मुलाच्या वतीने चालते, ती मुलाच्या भल्यासाठी असते म्हणून. अपेंडिक्स काढायचे असेल तर माझी सही चालते, कारण दुखणे तिचे आणि गुण येणार तोही तिलाच. इथे कापले जाणार तिला, बरे व्हायचे ह्यांना, आणि सही करणारी मी त्यांची बायको. आमच्या पतसंस्थेत कर्जदाराच्या बायकोला त्याच कर्जाची मंजुरी देणाऱ्या समितीवर बसवत नाहीत. घरी मात्र मी एकाच वेळी दोन्ही खुर्च्यांवर बसले होते.

'तिचे भले' या शब्दावरच जगभर घोळ झाला आहे, हे त्या रात्रींत वाचून समजले. १९५७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने अल्पवयीन जुळ्यांना एकमेकांना मूत्रपिंड देण्याची परवानगी दिली, तेव्हा भाऊ मेला तर निरोगी भावाच्या मनावर कायमचा आघात होईल, म्हणून देण्यात त्याचाही फायदा आहे, असा युक्तिवाद स्वीकारला गेला. सासूबाई हेच म्हणत होत्या, "बाप गेला तर पोरीला काय उरणार?" युक्तिवाद खोटा नाही, पण तो इतका लवचिक आहे की कोणत्याही घरात बसतो. १९९० मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात तो ताणू दिला नाही. साडेतीन वर्षांच्या जुळ्यांचा अस्थिमज्जा त्यांच्या सावत्र भावासाठी वडिलांनी मागितला होता. मुले त्याला एक-दोनदाच भेटलेली, त्यांना सांभाळणाऱ्या आईचा विरोध, आणि न्यायालयाने नकार दिला. आपल्याकडेही सरळ रेघ नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सतरा वर्षे नऊ महिने वयाच्या मुलाला वडिलांसाठी परवानगी दिली. आमची लेक सतरा वर्षे तीन महिन्यांची. सहा महिन्यांच्या फरकाने कोणते शहाणपण येते, हे मी वकिलांना विचारले. त्यांनी पेनाचे टोपण लावले आणि दुसऱ्या फाइलकडे वळले.

अर्ज तयार करायचे ठरले. असाधारण वैद्यकीय कारण म्हणजे, थोडक्यात, दुसरा कोणीही प्रौढ दाता नाही हे सिद्ध करणे. प्रत्येक प्रौढ नातेवाइकाचा रक्तगट, तपासणीचा अहवाल किंवा प्रतिज्ञापत्र, नाते सिद्ध करणारी कागदपत्रे, जन्मदाखले, रेशनकार्ड, ह्यांच्या आजाराचा आलेख, लेकीच्या सगळ्या चाचण्या. नोटरीच्या टेबलापुढे मी एप्रिलच्या उन्हात तीन दुपारी उभी होते. नणंदेच्या फाइलसाठी रुग्णालयाने तिच्या नवऱ्याचे ना हरकत पत्र मागितले, तेव्हा वकिलांनीच सांगितले की पत्नीने वडिलांना मूत्रपिंड देण्याच्या एका प्रकरणात पतीची संमती कायद्याने लागत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालय २०२२ मध्ये म्हणाले आहे. रुग्णालयाला ते पत्र तरीही हवे होते. दोन मुलांच्या आईला नवऱ्याची चिठ्ठी लागते आणि अकरावीतल्या मुलीने आठ जणांसमोर केलेली सही चालते, अशा जगात मी ती फाइल जुळवत होते.

लेकीचे सीटी स्कॅन झाले. डॉक्टरांनी पडद्यावर आकडे दाखवले आणि मी सवयीने ते वहीत उतरवले: यकृताचे एकूण वजन अंदाजे ९८५ ग्रॅम, त्यातला देता येण्याजोगा उजवा भाग ६३२ ग्रॅम. दात्याजवळ निदान तीस-पस्तीस टक्के उरायला हवे आणि घेणाऱ्याला त्याच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के मिळायला हवे, असा हिशोब त्यांनी सांगितला. उरलेले यकृत दोन-तीन महिन्यांत बऱ्याच अंशी भरून येते. दात्याच्या मृत्यूची शक्यता उजव्या भागाच्या शस्त्रक्रियेत दोनशेत एक इतकी धरतात. हे शेवटचे वाक्य डॉक्टर लेकीकडे पाहून बोलले आणि तिने मान डोलावली, जशी ती बसच्या कंडक्टरने सुटे नाहीत म्हटल्यावर डोलावते.

मग रुग्णालयाच्या समितीपुढे मुलाखत झाली. तिचे चित्रीकरण होते. टेबलापलीकडे पाच जण, कोपऱ्यात तिकाटण्यावर कॅमेरा. अध्यक्षांनी विचारले, "बाबांना नाही दिलं तर काय होईल?" ती म्हणाली, "बाबा जातील." "आणि दिलं तर तुला काय होईल?" ती गप्प राहिली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. शाळेत स्नेहसंमेलनात संवाद विसरल्यावर विंगेत उभ्या असलेल्या बाईंकडे मुले पाहतात, तसे. अध्यक्षांनी मला आणि सगळ्याच नातेवाइकांना बाहेर जायला सांगितले. त्यानंतर तिच्याशी समुपदेशक बाई एकट्या बोलल्या, त्या दिवशी पाऊण तास आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा. दाराच्या काचेला पांढरा कागद चिकटवलेला होता. खालच्या फटीतून तिच्या सॅकचा पट्टा तेवढा दिसत होता, गुंडाळला जाणारा आणि सुटणारा.

समुपदेशनाआधी आम्हा सगळ्यांना एक छापील पान वाचून दाखवले होते. दाता शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणू शकतो. त्याने नाही म्हटले तर ते घरच्यांना सांगितले जात नाही. कारण काहीही असो, पत्रात 'वैद्यकीयदृष्ट्या दाता म्हणून अयोग्य' एवढेच लिहिले जाते. मी ते तेव्हा कानाआड केले. कर्जाच्या करारातली बारीक अक्षरे ग्राहक ऐकतात तसे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आले. अर्ज शासनाकडे जाण्याआधीच. लेक वैद्यकीयदृष्ट्या दाता म्हणून अयोग्य आहे, सबब प्रस्ताव पुढे पाठवण्यात येत नाही. सासूबाई रडल्या, मग देवापुढे साखर ठेवून म्हणाल्या की पोरीच्या अंगावर घाव नको हीच त्याची इच्छा. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, तिने तर तयारी दाखवली होती हो, बिचारी. कोणाच्याही मनात तिच्याबद्दल किंतू आला नाही. लेकीने पत्र वाचले, घडी घातली आणि आंघोळीला गेली. न्हाणीघरात नळ बराच वेळ सुरू होता.

त्या रात्री मी वही काढून पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने गणित मांडले. ९८५ वजा ६३२ म्हणजे ३५३. भागिले ९८५, म्हणजे ३५.८ टक्के उरत होते. ह्यांचे वजन ७४ किलो. ६३२ भागिले ७४,०००, म्हणजे ०.८५ टक्के मिळत होते. दोन्ही बाजूंनी हिशोब बसत होता. मी तो तीनदा केला. नळ्यांची रचना, रक्तवाहिन्यांची ठेवण, अशी आकड्यांत न दिसणारी दहा कारणे असू शकतात, हेही मला माहीत होते. दुसऱ्या दिवशी समन्वयक बाईंना फोन लावला, त्यांनी "बोला" म्हटले आणि मी ह्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख विचारून फोन ठेवला.

इकडे वाईला नणंद तीन महिने पहाटे कृष्णाकाठाने चालत होती. भात, साखर, तळण सगळे बंद करून तिने सात किलो वजन उतरवले होते आणि ते कोणाला सांगितले नव्हते, कारण पहिल्यांदा परत पाठवल्याचे तिला लागले होते. जूनच्या सुरुवातीला ती एकटी एसटीने आली, स्वारगेटहून थेट रुग्णालयात गेली आणि तपासणी करून मग घरी आली. "वहिनी, चरबी गेली," असे दारातच म्हणाली. सख्खी बहीण निकटच्या नातेवाइकांत मोडते, त्यामुळे राज्य शासनाचा प्रश्न नव्हता. तिच्या सह्यांची पाने एका दुपारी पुरी झाली. तिची सही वेलांटीला मोठा हेलकावा देणारी, टपोरी, आणि प्रत्येक पानावर हुबेहूब तशीच. जूनच्या शेवटी शस्त्रक्रिया झाली. दहा तास लागले. दोघेही सुखरूप आहेत. पोटावरच्या खुणा एकमेकांना दाखवून सासूबाईंना घाबरवतात.

लेकीला मी काही विचारलेले नाही. विचारले आणि तिने "खरंच चाचणीत निघालं" असे सांगितले, तरी ते मला खरे वाटेल की नाही, सांगता येत नाही. आणि वेगळे काही सांगितले, तर त्या खोलीत तिला जे मिळाले ते मी परत घेतल्यासारखे होईल.

गेल्या दिवाळीत विम्याच्या नूतनीकरणासाठी ह्यांची जुनी फाइल लागणार होती. लेक आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्टुलावर चढून तिनेच ती माळ्यावरून काढली आणि फरशीवर बसून पाने चाळू लागली. मी चकल्यांची भाजणी मळत होते. ते पत्र तिच्या हाताला लागले, तिने वाचले, आणि ते उलटले. पेन्सिलीची आकडेमोड पुसट झाली होती, पण वाचता येत होती. ती पानावर थोडा वेळ थांबली. मी पिठात आणखी पाणी घातले, ते जास्त झाले.

"आई," ती म्हणाली, "डिस्चार्ज कार्ड कुठल्या कप्प्यात आहे?"

"निळ्या," मी म्हटले.